जॅक द रिपर प्रकरणाची स्वतःची केस फाइल कशी तयार करावी

१८८८मध्ये लंडनच्या ईस्ट एंड या गरीब वस्तीत बायकांचे खून करणारा आणि कधीच न सापडलेला माणूस म्हणजे जॅक द रिपर. हे नाव ऐकलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात: मग खुनी होता तरी कोण? अभ्यासाला बसायचं असेल तर हा प्रश्न सहा महिने तरी बाजूला ठेवा. ज्यांनी आधी संशयित निवडला आणि मग कागद वाचले, त्यांना कागदांत तोच माणूस दिसत गेला. सव्वाशेहून जास्त वर्षं हेच चालू आहे. इथे दिलेली पद्धत उलटी आहे. आधी तारखा, मग जागा, मग मिनिटं, मग माणसं, आणि संशयित अगदी शेवटी.

साहित्य फार लागत नाही. एक स्प्रेडशीट, लंडनचा त्या काळातला मोठ्या प्रमाणाचा नकाशा, मृत्युचौकशीची वर्तमानपत्री वृत्तं आणि पोलीस कागदपत्रांच्या छापील प्रती एवढ्यावर काम सुरू होतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे मोफत उपलब्ध केले आहेत. त्यातला एका मैलाला पाच फूट प्रमाणाचा नकाशा घ्या, त्यात घराघराची भिंत दिसते. चार्ल्स बूथचा १८८९चा गरिबीचा नकाशाही फुकट पाहता येतो. तो रस्त्याची आर्थिक पत रंगाने दाखवतो. काळा रंग म्हणजे सगळ्यात खालचा थर.

आधी यादी ठरवा

पोलिसांच्या ‘व्हाइटचॅपल खून’ (व्हाइटचॅपल हा ईस्ट एंडचाच भाग) या फायलीत ११ खून आहेत. पहिला एमा स्मिथचा. तिच्यावर ३ एप्रिल १८८८ला हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी लंडन हॉस्पिटलात ती गेली. शेवटचा फ्रान्सिस कोल्सचा, १३ फेब्रुवारी १८९१. या ११मधले ‘पाचच’ एकाच हाताचे, असं आपण आज सहज म्हणतो: मेरी अ‍ॅन निकोल्स (३१ ऑगस्ट १८८८), अ‍ॅनी चॅपमन (८ सप्टेंबर), एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरीन एडोज (दोघी ३० सप्टेंबर), मेरी जेन केली (९ नोव्हेंबर).

हा पाचाचा आकडा मुख्यतः महानगर पोलिसांचा वरिष्ठ अधिकारी मेल्व्हिल मॅकनॉटन याच्या २३ फेब्रुवारी १८९४च्या टिपणातून रूढ झाला. मॅकनॉटन पोलीस दलात आला जून १८८९मध्ये. म्हणजे या पाचांपैकी एकाही खुनाच्या वेळी तो नोकरीत नव्हता. आकडा चुकीचाच आहे असं यावरून ठरत नाही. पण तुमच्या फायलीत तो ‘गृहीत’ म्हणून लिहा, ‘वस्तुस्थिती’ म्हणून नको. ७ ऑगस्टला जॉर्ज यार्ड बिल्डिंग्जमध्ये मार्था टॅब्रमला ३९ वेळा भोसकलं होतं. तिला यादीत घ्यायचं की नाही, यावर तुमचं पुढचं बरंच गणित फिरतं. स्ट्राइडचंही तसंच. तिचा गळा चिरला होता, पण बाकी शरीराची चिरफाड नव्हती.

म्हणून ११ ओळींचं कोष्टक करा आणि शेवटी ‘समावेशाचं कारण’ असा रकाना ठेवा. कारणाशिवाय ओळ आत घ्यायची नाही, आणि कारणाशिवाय बाहेरही काढायची नाही. हा घोळ लंडनपुरता नाही. १९८०च्या दशकात सायन–किंग्ज सर्कल भागात फुटपाथवर झोपलेल्यांचे खून झाले आणि १९८९मध्ये कोलकात्यात ‘स्टोनमॅन’चे. ते एका माळेत ओवायचे का, हा वादही असाच लटकलेला आहे.

कागदांच्या पायऱ्या

प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहायची सवय लावा: कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि ते कोणत्या कागदावर उतरलं. ‘साक्षीदाराने पाहिलं’ असं वाक्य फायलीत नकोच. त्याऐवजी ‘अमुकने घटनेनंतर तिसऱ्या दिवशी पोलिसांना सांगितलं, वरिष्ठाने तीन आठवड्यांनी अहवालात गोषवारा केला’ असं लिहा. लिहायला कंटाळवाणं आहे, पण निम्मे वाद इथेच मिटतात.

महानगर पोलिसांचे उरलेले कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, फाइल क्रमांक असे: एमईपीओ ३/१४०, ३/१४१ आणि पत्रांसाठी ३/१४२. गृहखात्याचे कागद एचओ १४४/२२० आणि १४४/२२१ या क्रमांकांत आहेत. सुरुवात मुख्य निरीक्षक डोनाल्ड स्वॉन्सनच्या अहवालांपासून करा. सगळे कागद एकाच माणसाच्या नजरेखालून जावेत म्हणून सप्टेंबर १८८८मध्ये त्याला नेमलं होतं, त्यामुळे एकेका खुनाचा सलग गोषवारा तिथे मिळतो. मात्र तो गोषवाराच आहे. मूळ जबान्यांपैकी बऱ्याच आज नाहीत.

नवशिक्यांचा पहिला गोंधळ होतो तो पोलीस दलांवरून. लंडनमध्ये दोन दलं होती. मायटर स्क्वेअर, जिथे एडोज सापडली, ते ‘सिटी ऑफ लंडन’ पोलिसांच्या हद्दीत होतं. बाकी चार जागा महानगर पोलिसांकडे. सिटी पोलिसांचे बहुतेक कागद दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत गेले. म्हणून ‘एडोजबद्दल पोलिसांच्या फायलीत काही नाही’ यावरून कुणी काही लपवलं असं अनुमान काढू नका.

दुसरा स्रोत कॉरोनरच्या चौकशीचा. ही पद्धत मुंबईकरांना परकी नाही, मुंबईत १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कॉरोनर होता. संशयास्पद मृत्यूनंतर कॉरोनर ज्यूरीसमोर साक्षी घेतो. निकोल्स, चॅपमन आणि स्ट्राइड यांच्या चौकशा विन बॅक्स्टरने चालवल्या, एडोजची सॅम्युअल लँगहॅमने आणि केलीची रॉडरिक मॅकडोनाल्डने. बॅक्स्टर सविस्तर विचारत असे, चौकशी अनेक दिवस चाले. मॅकडोनाल्डने केलीची चौकशी १२ नोव्हेंबरला एका दिवसात उरकली. त्यामुळे सगळ्यात भीषण खुनाबद्दल शपथेवरची माहिती त्यामानाने थोडी आहे.

आता महत्त्वाचं. मूळ चौकशीची कागदपत्रं फक्त एडोज आणि केली यांचीच उरली आहेत. बाकी तिघींसाठी आपण वर्तमानपत्रांवर अवलंबून. ‘डेली टेलिग्राफ’ची वृत्तं सहसा सगळ्यात भरगच्च. ती पाया म्हणून घ्या, शेजारी ‘टाइम्स’ आणि ‘ईस्ट लंडन ऑब्झर्व्हर’ ठेवा, आणि एकच साक्ष तिन्हींत ओळीने लावून वाचा. वार्ताहर प्रश्नोत्तरं गाळून सलग निवेदन करायचे. त्यामुळे साक्षीदार स्वतःहून बोलला की प्रश्नाला ‘हो’ म्हणाला, हे एका वर्तमानपत्रात कळत नाही, दुसऱ्यात कळतं. मूळ कागद उरले आहेत तिथेही वृत्तं वाचावीच लागतात, कारण कारकुनाने लिहिलेली जबानी बऱ्याचदा त्रोटक असते.

शवविच्छेदनाचा तपशील वर्तमानपत्रं गाळत. चॅपमनच्या चौकशीत पोलिसांचे डॉक्टर जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स स्वतःच तो सांगायला तयार नव्हते, बॅक्स्टरने आग्रह धरला तेव्हा बोलले. तो भाग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात सापडतो.

नकाशा आणि नावं

आजच्या नकाशावर जुने पत्ते शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. निकोल्स सापडली तो बक्स रो आता डरवर्ड स्ट्रीट आहे. स्ट्राइडचा बर्नर स्ट्रीट आता हेन्रीक्स स्ट्रीट. जॉर्ज यार्ड झाला गन्थॉर्प स्ट्रीट. केली राहायची त्या डॉर्सेट स्ट्रीटचं नाव आधी डुव्हल स्ट्रीट झालं, पुढे रस्ताच गेला. चॅपमन सापडली तो हॅनबरी स्ट्रीट आहे, पण ते २९ नंबरचं घर ज्या बाजूला होतं ती बाजू ट्रूमन ब्रुअरीच्या विस्तारात पाडली गेली. म्हणून अंतरं मोजायची ती जुन्या नकाशावर, गल्ल्यांतून, सरळ रेषेत नव्हे. पाचही जागा सुमारे एका मैलाच्या पट्ट्यात बसतात. एवढ्या छोट्या पट्ट्यात ‘खुनी इथलाच असणार’ हे म्हणणं सोपं आहे, पण त्याच पट्ट्यात हजारो लोक रोज कामाला येत-जात होते.

पैशाचा एक आकडा नकाशाच्या कडेला लिहून ठेवा: सामायिक निवाऱ्यात एका रात्रीच्या खाटेला ४ पेनी. निकोल्सला तेवढेच नव्हते म्हणून ती त्या रात्री बाहेर होती. केलीच्या खोलीचं भाडं आठवड्याला साडेचार शिलिंग, आणि २९ शिलिंग थकलेले. या बायका रात्री दोन-तीन वाजता रस्त्यावर का होत्या, याचं उत्तर बहुतेक वेळा या आकड्यांत आहे. पाचही जणींना सरसकट ‘वेश्या’ लिहिण्याआधी प्रत्येकीबद्दल तसं शपथेवर कोणी सांगितलं हे तपासा. काही जणींबाबत ते पोलिसांचं गृहीतच निघतं.

वेळेचं कोष्टक: हॅनबरी स्ट्रीटवर हात बसवा

पद्धत शिकायला अ‍ॅनी चॅपमनचा खून सगळ्यात चांगला, कारण साक्षीदार भरपूर आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. सहा रकाने करा: सांगितलेली वेळ, ती कोणत्या घड्याळावरून, कोण, काय पाहिलं किंवा ऐकलं, कधी सांगितलं, आणि चुकीची मर्यादा.

शेवटचा रकाना बहुतेक जण भरत नाहीत आणि तिथेच फसतात. १८८८च्या ईस्ट एंडमध्ये गरिबाकडे घड्याळ क्वचितच असे. लोक चर्चच्या किंवा ब्रुअरीच्या टोल्यांवरून वेळ सांगत. आमचा ठोकताळा असा: टोला ऐकून लगेच केलेली गोष्ट असेल तर दोन्हीकडे ५ मिनिटं सोडा, टोल्यानंतर ‘थोड्या वेळाने’ असेल तर १०, आणि नुसताच अंदाज असेल तर निदान २०. वेगवेगळ्या टोल्यांची घड्याळं एकमेकांशी जुळत होती असंही धरू नका.

आता ओळी भरा. प्रेत सापडलं ते २९ नंबरच्या घरामागच्या अंगणात, पहाटे. पावणेपाच ते चार पन्नासच्या दरम्यान जॉन रिचर्डसन तळघराचं कुलूप बघायला आला. मागच्या दारातल्या पायरीवर बसून त्याने बुटाचं बोचणारं चामडं कापलं. प्रेत दिसलं नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. साधारण सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान शेजारच्या २७ नंबरच्या अंगणात आलेल्या अल्बर्ट कडोशने कुंपणापलीकडून ‘नाही’ असा आवाज ऐकला. तीन-चार मिनिटांनी काहीतरी कुंपणावर आदळल्यासारखं वाटलं. तो कामाला निघाला आणि स्पिटलफील्ड्स चर्चच्या घड्याळात ५:३२ झालेले त्याने पाहिले. एलिझाबेथ लाँगने ब्रुअरीच्या घड्याळाचा साडेपाचचा टोला ऐकला आणि लगेच २९ नंबरच्या बाहेर एक पुरुष आणि एक बाई बोलताना पाहिली. ती बाई चॅपमनच, असं तिने नंतर शवागारात सांगितलं. सहा वाजायच्या जरा आधी जॉन डेव्हिसला प्रेत दिसलं. साडेसहाला डॉ. फिलिप्स आले आणि मृत्यूला निदान दोन तास, बहुधा जास्त झाले असावेत, असं म्हणाले.

कागदावर हे जुळत नाही. फिलिप्स बरोबर असतील तर मृत्यू साडेचारच्या आधी, मग रिचर्डसनला प्रेत दिसायला हवं होतं, आणि लाँग व कडोश दोघंही चुकीचे. लाँग आणि कडोश दोघंही मिनिटभरही चुकले नाहीत असं धरलं, तर कुंपणावर आदळल्यानंतर चॅपमन घराबाहेर बोलत उभी होती असं निघतं.

इथे घाईने एकाला खोटं ठरवू नका. आधी डॉक्टरांचं वाक्य पूर्ण वाचा. फिलिप्स यांनी त्याच साक्षीत जोडलं होतं की सकाळ थंड होती आणि रक्त खूप गेल्यामुळे शरीर लवकर थंड पडलं असेल. म्हणजे अंदाजाला पळवाट त्यांनीच ठेवली होती, पण बहुतेक लेखांत वाक्याचा पहिला अर्धाच उचललेला असतो. शिवाय हा अंदाज हाताच्या स्पर्शावरून आणि शरीराच्या ताठरपणावरून केलेला. त्या काळातल्या अशा कुठल्याही अंदाजाला दोन्हीकडे निदान दोन तास मोकळे ठेवा.

मग घड्याळं. लाँगने ऐकलेला टोला साडेपाचचा नसून सव्वापाचचा होता असं धरलं तर क्रम लागतो: आधी लाँग, मग कडोश, मग डेव्हिस. बरेच अभ्यासक हाच मार्ग घेतात. तो पटण्याजोगा आहे, पण लक्षात ठेवा की ही दुरुस्ती आपण केलेली आहे. साक्षीदार स्वतः साडेपाचवरच ठाम होती. कोष्टकात दुरुस्ती वेगळ्या रंगात लिहा, मूळ वेळ खोडू नका.

राहिला रिचर्डसन. निरीक्षक जोसेफ चँडलरला त्याने त्या सकाळी फक्त दारापर्यंत आल्याचं सांगितलं होतं, पायरीवर बसून बूट कापल्याचं नाही. चौकशीत सुरी आणायला सांगितल्यावर त्याने बोथट सुरी आणली, आणि मग बाजारात दुसरी मागून घेतली होती असं सांगितलं. त्यातच मागचं दार बाहेर उघडणारं, आणि प्रेत होतं पायरी आणि डावीकडच्या कुंपणाच्या मधे. दार अर्धवट उघडलं तर ती जागा दाराआड जाते. पायरीवर बसून पाय खाली फरशीवर टेकले असतील तर मात्र प्रेत हातभर अंतरावर होतं, न दिसणं कठीण. म्हणजे त्याने काय पाहिलं असेल हे तो कुठे उभा होता किंवा बसला होता यावर ठरतं, आणि ते त्याच्या दोन जबान्यांत दोन प्रकारे आहे. सूर्योदय साडेपाचच्या जरा आधी होता, त्यामुळे पावणेपाचला उजेड किती असेल, तेही शेजारी लिहा.

हे कोष्टक पूर्ण व्हायला एक रविवार जातो. ते जमलं की बाकी चार खुनांना हीच चौकट लागते.

मिनिटांवर उभे सिद्धांत

मायटर स्क्वेअरमध्ये काम वेगळं आहे, कारण तिथे वेळा पोलिसांच्या गस्तीतून येतात आणि थोड्या जास्त भरवशाच्या आहेत. शिपाई एडवर्ड वॉटकिन्सची फेरी १२ ते १४ मिनिटांची. दीडला चौक रिकामा, १:४४ला प्रेत. १:३५ला जोसेफ लावेंडेने चौकात जाणाऱ्या चर्च पॅसेज या बोळाच्या तोंडाशी एक बाई आणि पुरुष पाहिला. बाईची त्याला पाठच दिसली, ओळख पटवली ती कपड्यांवरून. १:४०च्या सुमाराला शिपाई जेम्स हार्वे त्याच पॅसेजने चौकाच्या कडेपर्यंत आला आणि परत फिरला, काही दिसलं नाही. या चार ओळींतून खुन्याला मिळालेला वेळ काढायचा मोह होतो. काढा, पण एकच आकडा लिहू नका. प्रत्येक टोकाला पाच मिनिटं इकडे-तिकडे करून सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, असे दोन आकडे लिहा.

बक्स रोमध्ये याच चुकीवर अख्खा सिद्धांत उभा आहे. निकोल्सचं प्रेत पहिल्यांदा पाहणारा गाडीवान चार्ल्स क्रॉस, ज्याचं खरं आडनाव लेचमेर, साडेतीनला घरून निघाला असं चौकशीत म्हणाला. पाठोपाठ आलेला रॉबर्ट पॉल पावणेचारच्या जरा आधी निघाल्याचं म्हणाला. घर ते जागा सात-आठ मिनिटांची वाट, मग मधली मिनिटं गेली कुठे, म्हणजे खुनी तोच, असा आरोप केला जातो. पण काही वर्तमानपत्रांत क्रॉसची निघायची वेळ ३:२० आहे, आणि ‘साडेतीन’ हा शब्द कुठल्या घड्याळावरचा हे कुणी विचारलेलंच नाही. खरं आडनाव न सांगणं संशयास्पद वाटतं. मात्र क्रॉस हे त्याच्या सावत्र वडिलांचं आडनाव होतं आणि घराचा व कामाचा पत्ता त्याने खराच दिला होता. हे सगळं एकाच चौकटीत लिहा, सोयीचं तेवढंच नको.

एकच साक्ष, दोन कागद

स्ट्राइडच्या खुनाआधी, १२:४५च्या सुमाराला, इझ्राएल श्वार्ट्झने एका माणसाला बाईला ढकलून पाडताना पाहिलं. रस्त्यापलीकडे दुसरा माणूस होता. पोलीस अहवालात तो दुसरा माणूस पाईप पेटवत होता. १ ऑक्टोबरच्या ‘स्टार’ या वर्तमानपत्रात त्याच माणसाच्या हातात सुरी आहे. श्वार्ट्झला इंग्रजी येत नव्हतं, दोन्ही ठिकाणी दुभाष्यामार्फत बोलणं झालं. चौकशीत त्याची साक्ष झाल्याची नोंदच नाही. अशा वेळी दोन्ही कागद शेजारी-शेजारी पूर्ण उतरवून घ्या आणि फरकाखाली रेघ मारा. दोन्ही मिसळून तिसरी ‘सुसंगत’ हकीकत लिहिली की मूळ पुरावा तुमच्या फायलीतून कायमचा गेला.

गॉलस्टन स्ट्रीटवरच्या खडूच्या मजकुराचंही तेच. ३० सप्टेंबरला पहाटे २:५५ला शिपाई आल्फ्रेड लाँगला एका इमारतीच्या दारात एडोजच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा मिळाला आणि वर ज्यूंबद्दलची एक ओळ. ज्यूंवर दंगल उसळेल या भीतीने आयुक्त चार्ल्स वॉरनने फोटो काढायच्या आधीच ओळ पुसायला लावली. लाँगच्या आणि सिटीच्या गुप्तहेर हॉल्सच्या प्रतीत नकाराचा शब्द वेगळ्या जागी आहे, ज्यूंसाठीच्या शब्दाच्या स्पेलिंगवरूनही एकमत नाही. मूळ ओळच उरली नाही, त्यामुळे शब्दाशब्दावर इमले बांधणारे सिद्धांत थेट बाजूला ठेवा. पुरावा आहे तो एप्रनचा तुकडा. तो पूर्वेकडे, म्हणजे वस्तीच्या दिशेने सापडला, आणि २:२०ला तिथे तो नव्हता असं लाँग म्हणतो.

डॉक्टरांची मतं

खुन्याला शरीरशास्त्र येत होतं का, यावर चार डॉक्टरांची मतं चार प्रकारची. सिटीचे डॉ. गॉर्डन ब्राऊन म्हणाले अवयवांच्या जागा चांगल्या माहीत असाव्यात. डॉ. थॉमस बाँड म्हणाले खाटकाएवढंही ज्ञान नाही. दोघांना सारखं वजन देऊ नका. बाँडनी प्रेत पाहिलं ते फक्त केलीचं, बाकी चौघींबद्दल त्यांनी टिपणं वाचून लिहिलं. प्रत्येक मतापुढे ‘प्रेत स्वतः पाहिलं का’ हा रकाना ठेवा.

पत्रं

वेळ वाचवायचा असेल तर पत्रं वेगळ्या फायलीत टाका आणि सगळ्यात शेवटी उघडा. ‘डिअर बॉस’ पत्र २५ सप्टेंबर तारखेचं. ते पोलिसांना नव्हे, सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेला आलं. ‘जॅक द रिपर’ हे नाव तिथूनच. पोलिसांनी ते छापून भिंतींवर लावलं आणि मग शेकड्यांनी पत्रं आली. ते एका पत्रकाराने लिहिलं अशी वरिष्ठ अधिकाऱ्यांची नंतरची समजूत होती. विचार करण्याजोगं एकच: १६ ऑक्टोबरला दक्षता समितीच्या जॉर्ज लस्कला अर्ध्या मूत्रपिंडासह आलेलं. त्याबद्दल ‘पंचेचाळिशीच्या दारुड्या बाईचं मूत्रपिंड’ हे वाक्य ते मूत्रपिंड तपासणाऱ्या डॉ. ओपनशॉ यांच्या नावावर फिरतं. ते वर्तमानपत्राचं आहे, ओपनशॉ यांनी लगेच इन्कार केला होता. मूळ पत्र हरवलं, फोटो उरला आहे.

आता संशयित

प्रत्येक नावाला चार प्रश्न. त्या तारखांना तो लंडनमध्ये होता का? त्याचं नाव पहिल्यांदा कोणी, किती वर्षांनी घेतलं? नाव घेणाऱ्याची तपासता येण्याजोगी माहिती बरोबर आहे का? आणि खुनांशी जोडणारं, त्याच्या नुसत्या विचित्रपणापलीकडचं काय आहे?

पहिल्याच प्रश्नात राणी व्हिक्टोरियाचा नातू राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर बाद होतो. ३० सप्टेंबरला तो स्कॉटलंडमध्ये होता, हे दरबारी नोंदींतून सिद्ध आहे. (पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता, एवढाच काय तो आपला संबंध.)

तिसरा प्रश्न मॅकनॉटनने टिपणात दिलेल्या तीन संशयितांच्या नावांना लावा. माँटेग्यू ड्रुइटला तो डॉक्टर म्हणतो. ड्रुइट बॅरिस्टर आणि शाळामास्तर होता, ३१ वर्षांचा. ३१ डिसेंबर १८८८ला त्याचं प्रेत थेम्स नदीत मिळालं, आणि खून थांबण्याशी ती तारीख जुळते एवढंच त्याच्याविरुद्ध ठोस आहे. मायकेल ऑस्ट्रॉग त्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये कोठडीत होता. कॉस्मिन्स्कीला मार्च १८८९च्या सुमाराला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं असं टिपण सांगतं. आरन कॉस्मिन्स्की कोलनी हॅच या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाला फेब्रुवारी १८९१मध्ये. स्वॉन्सनने एका पुस्तकाच्या समासात लिहिली असं मानलं जाणाऱ्या नोंदीत तो लवकरच मेला असं आहे, प्रत्यक्षात तो १९१९पर्यंत जगला. चुका असल्या म्हणून नाव फेकायचं नाही. पण आठवणीतून लिहिणारा अधिकारी एवढा चुकतो, तर त्याच्या ‘खात्री’चं वजन किती, ते रकान्यात दिसू द्या.

वस्तूंना हाच न्याय. एडोजची म्हणून एक शाल दाखवली जाते आणि तिच्यावरच्या डीएनएवरून कॉस्मिन्स्कीचं नाव पुढे केलं जातं. प्रयोगशाळेकडे वळण्याआधी मायटर स्क्वेअरच्या यादीकडे या. एडोजच्या अंगावरच्या आणि जवळच्या वस्तूंची नोंद आपल्याकडच्या पंचनाम्यासारखी बारकाईने झाली होती: चहाचा आणि साखरेचा डबा, सहा साबणाचे तुकडे, दोन मातीच्या चिलमी, चष्म्याचा तुकडा, पांढऱ्या चिंध्या, एक लाल हातमोजा, मोहरीच्या डबीत गहाणाच्या दोन चिठ्ठ्या. त्यात ती शाल नाही. ज्याच्यामार्फत ती आली असं सांगतात तो सार्जंट महानगर पोलिसांचा, आणि जागा सिटीच्या हद्दीतली. शिवाय तपासलेला डीएनए मायटोकाँड्रियल, म्हणजे आईकडून येणारा. तो एखाद्याला वगळू शकतो, पण तो हजारो लोकांत सारखा असू शकतो, त्यावरून एकच माणूस ठरत नाही. २०१४मध्ये दुर्मीळ म्हणून मिरवलेला बदल नंतर नोंदीच्या क्रमांकातली चूक निघाला, आणि योग्य क्रमांकाचा बदल जवळपास सगळ्या युरोपीय लोकांत आढळतो.

फाइल कुणाला दाखवणार असाल तर मृतदेहांचे फोटो वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि प्रत्येक खुनाच्या पहिल्या पानावर त्या बाईचं पूर्ण नाव, तिचा शेवटचा पत्ता आणि त्या रात्री तिला शेवटचं जिवंत कोणी पाहिलं ते लिहा. केलीच्या पानावर ही शेवटची ओळ कॅरोलाइन मॅक्सवेलमुळे अडेल. प्रेत पावणेअकराला सापडलं, डॉक्टर मृत्यू पहाटेचा सांगतात, आणि तिने मात्र केलीला सकाळी आठनंतर बोलताना पाहिलं असं शपथेवर सांगितलं. तिची नोंद खोडू नका. तिच्या ओळीपुढचा चुकीच्या मर्यादेचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.